अशिलाचे गुपित सांभाळताना : नव्याने सनद घेतलेल्या वकिलांसाठी मार्गदर्शक

सनद मिळाल्यानंतरच्या दुसऱ्या वर्षी एका कौटुंबिक दाव्यातील कैफियत, म्हणजे दाव्याला द्यायचे लेखी उत्तर, मी न्यायालयाच्या आवारातील टंकलेखकाकडून टाइप करून घेतली. त्याच संगणकावर आवारातील निम्म्या वकिलांचे मसुदे असत आणि ते सगळे एकाच फोल्डरमध्ये साठवलेले असत, याकडे मी लक्ष दिले नव्हते. कैफियत दाखल होण्याच्या दोन दिवस आधीच आमचा बचाव काय आहे हे समोरच्या बाजूला ठाऊक झाले होते. "हे त्यांना कसे कळले?" असे माझ्या अशील बाईंनी विचारले, तेव्हा मला उत्तर देता आले नाही. ज्या गोष्टी त्यांनी स्वतःच्या आईलाही सांगितल्या नव्हत्या, त्या त्यांनी माझ्यावर भरवसा ठेवून मला सांगितल्या होत्या.

त्यानंतर मी या विषयाचा अभ्यास नेटाने केला, ज्येष्ठांना विचारले आणि कामाच्या पद्धती बदलल्या. पहिल्या वर्षी हे सारे कुणी क्रमाने सांगितले असते तर तो प्रसंग टळला असता, म्हणून ते इथे क्रमाने लिहीत आहे.

आधी एक फरक मनात पक्का करा. गोपनीयता हे वकिलाचे कर्तव्य आहे आणि ते बार रूममध्ये, घरी, प्रवासात, सर्वत्र लागू असते. विशेषाधिकार हे पुराव्याच्या कायद्याने दिलेले संरक्षण आहे. न्यायालयाने किंवा तपास यंत्रणेने विचारले तरी काही गोष्टी सांगण्यास नकार देता येतो, तो या संरक्षणामुळे. कर्तव्याचा परीघ मोठा आहे आणि विशेषाधिकाराचा त्यामानाने लहान. आणखी महत्त्वाचे म्हणजे हा विशेषाधिकार वकिलाचा नसून अशिलाचा आहे. तो सोडून द्यायचा की नाही हे अशीलच ठरवू शकतो. तुम्ही केवळ राखणदार आहात.

जवळ काय असावे

- भेटींची नोंदवही. वकीलपत्र घेतले नाही तरी सल्ला दिलेल्या प्रत्येकाचे नाव, विरुद्ध पक्षाचे नाव आणि तारीख तिच्यात असावी. बोलण्याचा तपशील या वहीत लिहू नये.
- अशिलाच्या वतीने नातेवाईक किंवा अन्य कोणी सूचना देणार असेल, तर त्यासाठी अशिलाच्या सहीचे अधिकारपत्र.
- माहिती उघड करण्यास दिलेल्या संमतीचा कोरा नमुना.
- कारकून, ज्युनिअर आणि दुभाषा यांच्याकडून घ्यायचे गोपनीयतेचे हमीपत्र.
- कुलूप असलेले कपाट, पासवर्ड असलेला स्वतःचा संगणक आणि केवळ वकिलीच्या कामासाठी वापरायचा ईमेल.
- फाईल परत केल्याची पोच घेण्यासाठी पोचपुस्तक.

१. मूळ तरतुदी स्वतः वाचा

भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ हा १ जुलै २०२४ पासून लागू आहे. त्यातील कलम १३२, १३३ आणि १३४ ही तीन कलमे या विषयाचा गाभा आहेत. जुन्या १८७२ च्या पुरावा कायद्यात हीच सामग्री कलम १२६ ते १२९ मध्ये होती, त्यामुळे जुने न्यायनिर्णय वाचताना हे आकडे समोर ठेवावेत. जुन्या कलमांत बॅरिस्टर, ॲटर्नी, प्लीडर, वकील असे निरनिराळे शब्द होते. नव्या कलम १३२ मध्ये त्यांच्या जागी अधिवक्ता हा एकच शब्द आला आहे.

त्यानंतर बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांतील भाग सहा, प्रकरण दोन वाचा. नियम १७ प्रमाणे पुरावा कायद्याच्या कलम १२६ ने घातलेल्या बंधनाचा प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्ष भंग वकिलाने करू नये, आणि नियम २४ प्रमाणे अशिलाने टाकलेल्या विश्वासाचा गैरफायदा घेऊ नये. नियमात जुन्या कलमाचा आकडा आहे म्हणून तो निष्प्रभ झाला असे समजू नका. तो उल्लेख नव्या कायद्यातील संबंधित कलमाचा मानला जातो. या नियमांचा भंग झाला तर अधिवक्ता अधिनियम, १९६१ च्या कलम ३५ खाली राज्य बार कौन्सिलची शिस्तपालन समिती ताकीद देऊ शकते, काही काळासाठी सनद निलंबित करू शकते किंवा वकिलांच्या नामावलीतून नावच काढून टाकू शकते.

२. भेटीची वेळ देण्यापूर्वी नोंदवही उघडा

नवीन माणूस फोनवर बोलू लागला की तो हकीकतच सांगायला सुरुवात करतो. त्याला नम्रपणे थांबवा आणि फक्त त्याचे व विरुद्ध पक्षाचे नाव विचारा. नियम ३३ प्रमाणे दावा, अपील किंवा अन्य प्रकरण दाखल करण्याबाबत ज्या पक्षाला तुम्ही कधीही सल्ला दिला असेल, ज्याचे अभिकथन (दावा किंवा कैफियत) तुम्ही तयार केले असेल किंवा ज्याच्यासाठी तुम्ही काम केले असेल, त्याच्या विरुद्ध पक्षातर्फे तुम्हाला उभे राहता येत नाही. 'सल्ला दिला असेल' हे शब्द नीट पाहा. अर्ध्या तासाच्या भेटीनंतर परत न आलेला माणूसही यात मोडू शकतो, आणि अशी माणसे आठवणीत राहत नाहीत, म्हणूनच नोंदवही हवी.

दोन्ही पक्षांशी ओळख असेल किंवा वादाच्या विषयात तुमचा स्वतःचा काही संबंध असेल, तर नियम १४ प्रमाणे ते सुरुवातीलाच मोकळेपणाने सांगावे लागते. वकीलपत्रावर सही झाल्यानंतर सांगितलेल्या अशा गोष्टीवर अशिलाचा विश्वास बसत नाही.

३. पहिल्या भेटीत खोलीत कोण बसेल ते ठरवा

आपल्याकडे अशील एकटा क्वचितच येतो. सोबत भाऊ असतो, मेहुणा असतो, गावचा एखादा जाणता माणूस असतो, आणि बरेचदा तोच बोलत असतो. कलम १३२ चे संरक्षण अशिलाने किंवा त्याच्या वतीने वकिलाला व्यावसायिक कामाच्या ओघात आणि त्या कामासाठी सांगितलेल्या गोष्टीला आहे. चार माणसांसमोर झालेले बोलणे गोपनीय होते हे पुढे न्यायालयाला पटवून देणे कठीण जाते, आणि त्या चारांपैकी एखादा उद्या विरुद्ध बाजूचा साक्षीदार होऊ शकतो. घरच्या माणसांच्या वाटपाच्या दाव्यात तर ही शक्यता नेहमीच असते.

माझी पद्धत अशी आहे. सर्वांना बसवून पाच मिनिटे ओळख करून घेते, मग सांगते, "आता मला तुमच्या भावांशी एकट्याशी बोलावे लागेल; हे त्यांच्याच हितासाठी आहे." सुरुवातीला हे सांगताना मला संकोच वाटे. प्रत्यक्षात फार थोडी माणसे रागावतात, आणि दार बंद झाल्यावर अशील जे सांगतो ते बहुधा आधीच्या हकिकतीपेक्षा वेगळे असते.

बोलणे सुरू करण्यापूर्वी अशिलाला तीन वाक्यांत कल्पना द्या : तुम्ही मला जे सांगाल ते मी तुमच्या परवानगीशिवाय कुणाला सांगणार नाही, घडून गेलेली गोष्ट कितीही वाईट असली तरी ती मला सांगा, मात्र पुढे करावयाच्या बेकायदेशीर कामासाठी माझी मदत मागू नका, कारण त्या बोलण्याला कायद्याचे संरक्षण नाही.

फी देणारा आणि अशील हे वेगळे असतील तर अधिक जपा. मुलाच्या खटल्याची फी वडील देत असले तरी अशील मुलगाच असतो. नियम १९ प्रमाणे अशील किंवा त्याचा अधिकृत प्रतिनिधी यांच्याखेरीज अन्य कुणाच्या सूचनेवरून वकिलाने काम करू नये. वडिलांनी काळजीपोटी विचारले तरी मुलाची संमती घेतल्याशिवाय तपशील सांगू नका.

४. काय झाकले जाते आणि काय नाही, हे नेमके जाणून घ्या

नवोदितांचा सर्वाधिक गोंधळ इथे होतो, म्हणून या पायरीवर थोडे थांबते.

संरक्षण तीन गोष्टींना आहे : अशिलाने तुम्हाला सांगितलेले, तुम्ही त्याला दिलेला सल्ला, आणि कामाच्या ओघात तुमच्या पाहण्यात आलेल्या दस्तऐवजाचा मजकूर किंवा त्याची स्थिती. त्याला अपवाद दोन आहेत. एक, बेकायदेशीर हेतू तडीस नेण्यासाठी केलेले बोलणे. दोन, तुमचे काम सुरू झाल्यानंतर गुन्हा किंवा लबाडी घडली आहे असे दाखवणारी, तुमच्या प्रत्यक्ष पाहण्यात आलेली वस्तुस्थिती. ती वस्तुस्थिती अशिलाने दाखवली की तुम्हाला आपोआप दिसली, याने फरक पडत नाही.

कायद्यातील उदाहरणे इतकी बोलकी आहेत की ती लक्षात ठेवली तर तर्क लढवावा लागत नाही. "मी खोटा दस्त बनवला आहे, माझा बचाव करा," असे अशील म्हणाला तर ते बोलणे संरक्षित आहे, कारण दोषी माणसाचा बचाव करणे हा गुन्हेगारी हेतू नव्हे. "या खोट्या दस्ताच्या आधारे मला जमिनीचा ताबा हवा आहे, दावा लावा," असे तो म्हणाला तर ते संरक्षित नाही. तिसरे उदाहरण अपहाराच्या खटल्याचे आहे. काम हाती घेतले तेव्हा हिशेबाच्या वहीत नसलेली नोंद खटला चालू असताना वहीत आलेली वकिलाला दिसते. ती वस्तुस्थिती लपवण्याचे संरक्षण त्याला नाही.

म्हणजे रेषा काळाची आहे. घडून गेलेल्याची कबुली झाकली जाते. घडवायच्या गोष्टीसाठी वकिलाचा वापर झाकला जात नाही.

दुसरा सापळा दस्तऐवजांचा आहे. अशिलाकडे आधीपासून असलेला करारनामा किंवा हिशेबाची वही तुमच्या कपाटात आल्याने विशेषाधिकाराखाली जात नाही. न्यायालयाने हजर करण्यास सांगितले तर ती हजर करावीच लागते. त्यामुळे "वकीलसाहेब, एवढे कागद तुमच्याकडे राहू द्या, तिथे कुणी शोधणार नाही," अशी विनंती आली तर स्पष्ट नकार द्या. कागदांच्या जागी रोकड, मोबाइल किंवा हत्यार असेल तर प्रश्न विशेषाधिकाराचा उरतच नाही. पुरावा नाहीसा करण्याचा गुन्हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २३८ मध्ये आहे आणि तो वकिलालाही लागू आहे.

तिसरी गोष्ट कंपनीत पगारी नोकरीवर असलेल्या विधी अधिकाऱ्यांची. पूर्ण वेळ पगारी नोकरी करणाऱ्याला वकिली करता येत नाही, त्यामुळे कलम १३२ चे संरक्षण त्याला मिळत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले आहे. कंपनीचे अंतर्गत टिपण 'गोपनीय' असा शिक्का मारून सुरक्षित होत नाही, हे तुमच्या कंपनी अशिलांना आधीच सांगून ठेवा.

५. कार्यालयातील गळती बंद करा

कलम १३२ दुभाषे, वकिलांचे कारकून आणि कर्मचारी यांनाही लागू आहे, पण त्यांना ते ठाऊक असेलच असे नाही. कारकून दिवसभर न्यायालयात असतो, इतर कारकुनांबरोबर बसतो, आणि त्याच्या दृष्टीने प्रकरणाची हकीकत म्हणजे दिवसभरातली एक घडामोड असते. त्याला दोष देण्याऐवजी बसवून समजावून सांगा, हमीपत्रावर सही घ्या आणि दर काही महिन्यांनी पुन्हा बोला.

टंकलेखनाचे काम शक्यतो स्वतःच्या संगणकावर करा. बाहेर द्यावेच लागले तर स्वतः शेजारी बसा, फाईल पेन ड्राइव्हवर घ्या, संगणकावरची प्रत आणि रिसायकल बिनमधली प्रतही पुसायला लावा, आणि वाया गेलेले छापील कागद परत घ्या. झेरॉक्सच्या दुकानात काचेवर राहिलेला मूळ कागद आणि ईमेलवरून छपाईला पाठवलेली फाईल, या दोन्ही ठिकाणी मी वकिलांची गुपिते पडलेली पाहिली आहेत.

मोबाइलचा धोका वेगळ्या प्रकारचा आहे. व्हॉट्सॲपवर अशिलाने पाठवलेला फोटो तुमच्या गॅलरीत आपोआप उतरतो आणि घरातल्या कुणाच्याही हाती पडू शकतो, म्हणून ती सोय बंद ठेवा. वकिलांच्या गटावर शंका विचारताना नाव, गाव, रक्कम आणि तारखा काढून टाकल्या तरी लहान तालुक्यात प्रकरण ओळखता येते. अशी शंका एकाच ज्येष्ठाला प्रत्यक्ष भेटून विचारणे बरे. मसुदा तयार करण्यासाठी इंटरनेटवरील एखादी सेवा वापरत असाल तर तिथे टाकलेला मजकूर कुठे साठवला जातो हे पाहिल्याशिवाय अशिलाचे नाव किंवा कागद तिथे चढवू नका. अशिलालाही सांगा की तुमचा संदेश त्याने पुढे कुणाला पाठवला तर आपल्या हाताने झाकण उघडल्यासारखे होईल.

आणि न्यायालयाच्या पायऱ्यांवर, लिफ्टमध्ये, उपाहारगृहात प्रकरणाबद्दल बोलू नका.

६. संमती लेखी आणि नेमकी घ्या

कायद्याला अशिलाची स्पष्ट संमती अपेक्षित आहे. त्याने मान डोलावली किंवा तो गप्प राहिला, एवढ्यावर भागत नाही. तडजोडीच्या बोलणीत समोरच्या वकिलाला काही सांगायचे असेल तर कोणती गोष्ट, कुणाला आणि कशासाठी सांगायची आहे हे तीन मुद्दे लिहून अशिलाची सही घ्या. अशील निरक्षर असेल तर मजकूर त्याच्या बोलीत वाचून दाखवा आणि तसे केल्याची नोंद करा.

७. साक्षीच्या आधी अशिलाला तयार करा

उलटतपासात "हे तुम्ही तुमच्या वकिलांना सांगितले होते का?" असा प्रश्न येतो आणि गोंधळलेला अशील भराभर उत्तर देऊन मोकळा होतो. कलम १३४ प्रमाणे आपल्या कायदेविषयक सल्लागाराशी झालेले गोपनीय बोलणे उघड करण्याची सक्ती कुणावर करता येत नाही. तो स्वतः साक्षीदार म्हणून उभा राहिला तर मात्र त्याने दिलेल्या साक्षीचा उलगडा होण्यासाठी न्यायालयाला आवश्यक वाटेल तेवढेच बोलणे उघड करायला लावता येते, त्यापलीकडचे नाही. म्हणून असा प्रश्न आला की अशिलाने क्षणभर थांबावे आणि तुम्ही तत्काळ हरकत घ्यावी, एवढे त्याच्याशी आधी बोलून ठेवा.

नुसती साक्ष दिली म्हणजे वकिलाला बोलण्याची मुभा दिली असे होत नाही, हे कलम १३३ सांगते. अशिलाने आपल्याच वकिलाला साक्षीदार म्हणून बोलावले तरी, ज्या गोपनीय बाबींवर तो त्याला प्रश्न विचारील तेवढ्यापुरतीच संमती मानली जाते. तसेही, आपल्याला साक्षीदार व्हावे लागेल असे वाटण्यास कारण असेल तर ते प्रकरण नियम १३ प्रमाणे घेऊच नये.

८. तुम्हालाच समन्स आले तर

अशिलाच्या प्रकरणात वकिलालाच चौकशीला बोलावण्याचे प्रकार वाढल्यावर सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली आणि तत्कालीन सरन्यायाधीश भूषण गवई, न्यायमूर्ती के. विनोद चंद्रन व न्यायमूर्ती एन. व्ही. अंजारिया यांच्या पीठाने ३१ ऑक्टोबर २०२५ रोजी निर्णय दिला. तो प्रत्येक नव्या वकिलाने पूर्ण वाचावा. आरोपीतर्फे काम पाहणाऱ्या वकिलाला प्रकरणाचा तपशील जाणून घेण्यासाठी तपास अधिकाऱ्याने समन्स काढू नये. कलम १३२ च्या अपवादात प्रकरण बसते असे त्याचे म्हणणे असेल तर कोणत्या वस्तुस्थितीवरून ते बसते हे समन्समध्येच लिहावे लागते, आणि पोलीस अधीक्षक किंवा त्याहून वरच्या दर्जाच्या अधिकाऱ्याने आपले समाधान लेखी नोंदवून संमती द्यावी लागते. अशा समन्सला वकील किंवा अशील भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५२८ खाली उच्च न्यायालयात आव्हान देऊ शकतो.

मोबाइल किंवा लॅपटॉप मागितला तर तो पोलीस ठाण्यात देण्याचा नसतो. त्याच नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ९४ खालील आदेशाने तो न्यायालयासमोर हजर करायचा असतो. न्यायालय संबंधित पक्षाला नोटीस देते, हरकती ऐकते, आणि हरकती फेटाळल्या तरच ते उपकरण पक्षकार व वकील यांच्या समक्ष, त्यांच्या पसंतीच्या तंत्रज्ञाच्या मदतीने उघडले जाते. तुमच्या इतर अशिलांची माहिती उघडी पडणार नाही, याची काळजीही न्यायालयाने घ्यायची आहे.

प्रत्यक्षात समन्स येते तेव्हा हात थरथरतात, हे मी एका सहकाऱ्याच्या बाबतीत जवळून पाहिले आहे. अशा वेळी फोनवर काहीही खुलासा करू नका. समन्सची प्रत आणि मिळाल्याची तारीख जपून ठेवा, अशिलाला त्याच दिवशी कळवा, एखाद्या ज्येष्ठ वकिलाचा सल्ला घ्या आणि लेखी उत्तर द्या. कागद नष्ट करण्याचा विचारही मनात आणू नका.

अटकेतील अशिलाला भेटायला जाताना हाच सावधपणा ठेवा. चौकशीदरम्यान आपल्या पसंतीच्या वकिलाला भेटण्याचा हक्क संहितेचे कलम ३८ देते, जरी संपूर्ण चौकशीभर वकील हजर राहू शकत नसला तरी. बोलणे इतरांना ऐकू जाणार नाही अशी जागा मागा. न मिळाल्यास हकीकत विचारू नका, फक्त त्याचे हक्क सांगा आणि पुढच्या तारखेची माहिती द्या.

९. काम सोडताना आणि प्रकरण संपल्यावर

अशील खोटी साक्ष देणार असे म्हणू लागला आणि समजावूनही ऐकेना, तर काम सोडावे लागते. नियम १२ प्रमाणे त्याला पुरेसे कारण आणि वाजवी पूर्वसूचना लागते, आणि दिवाणी दाव्यात न्यायालयाची परवानगीही लागते. परवानगीच्या अर्जात 'व्यावसायिक कारणास्तव' एवढेच लिहा. अशिलाने काय सांगितले हे त्यात लिहिलेत, तर निघता निघता त्याचा घात केल्यासारखे होईल.

फी थकली म्हणून फाईल अडवून ठेवू नका. वकिलाला अशिलाच्या कागदांवर फीसाठी धारणाधिकार नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००० साली आर. डी. सक्सेना यांच्या प्रकरणात ठरवले आहे. मूळ कागदांची यादी करून ते परत द्या आणि पोचपुस्तकात सही घ्या. आपल्याकडे राहिलेले कच्चे मसुदे आणि टिपणे कुलपात ठेवा. पुढे ती काढून टाकताना रद्दीत न देता बारीक फाडून टाका. जुना लॅपटॉप किंवा मोबाइल विकण्यापूर्वी त्यातील सर्व माहिती कायमची पुसून घ्या.

काम संपले तरी बंधन संपत नाही, असे कलम १३२ च्या स्पष्टीकरणात म्हटले आहे. अशील दुसऱ्या वकिलाकडे गेला, तुमच्याशी भांडला किंवा वारला, तरी त्याने सांगितलेले तुमच्यापाशीच राहते. फाईल परत गेली तरी नोंदवहीतील त्याचे नाव खोडू नका; दहा वर्षांनी त्याच्या विरुद्ध पक्षाचा माणूस तुमच्या दारात आला, तर त्याला कारण न सांगता "हे प्रकरण मला घेता येणार नाही" असे म्हणण्यासाठी तीच नोंद उपयोगी पडेल.